पोटमाळ्याचं इन्सुलेशन आणि गांधीलमाश्यांच्या झोपलेल्या राण्या: प्रकल्प नोंदी, रेडिंग (इंग्लंड), हिवाळा २०२२-२३

६ नोव्हेंबर २०२२, रविवार

आकाशकंदील, पणत्यांचा खोका आणि किल्ल्यावरचे मावळे परत पोटमाळ्यावर ठेवायला चढले आणि तासभर तिथेच बसून राहिले. घर १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, वरचं इन्सुलेशन आधीच्या कुठल्यातरी मालकाने टाकलेलं, जॉइस्टच्या, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांच्या, मध्ये पिवळट लोकर, नवीन होती तेव्हा १०० मिमी असणार, आता दबून दबून सत्तरवर आलीये. इथे सध्या शिफारस २७० मिमीची आहे, म्हणजे आपण पावभर गोधडी पांघरून झोपलोय. १ ऑक्टोबरपासून सरकारने गॅस-विजेचा दर बांधून दिलाय तरी सर्वसाधारण घराला वर्षाला २,५०० पौंड पडतील म्हणतात, दर महिन्याला ६६ पौंडांची सूट मिळतीये पण ती किती पुरणार. नवऱ्याशी बोलले, ठरलं की माणूस बोलवायचा नाही, आपणच करायचं. माणसाकडून बसवून घेतलं तर एप्रिलपासून व्हॅट शून्य आहे, स्वतः सामान आणलं तर मात्र २० टक्के भरा, तरी हिशोब केला तर स्वतः केलेलं स्वस्तच पडतंय.

या वहीत फक्त इन्सुलेशनच्या नोंदी ठेवायच्या असा विचार होता.

९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाथरूममध्ये आईंची हाक, "अगं लवकर ये, गांधीलमाशी!" सासूबाई ऑक्टोबरात सांगलीहून आल्यात, सहा महिन्यांचा व्हिसा. मला वाटलं नोव्हेंबरात कसली गांधीलमाशी, माशी असेल. पण खरंच होती, सिंकच्या कडेवर, चालत होती पण दारू प्यायल्यासारखी, आणि आकाराने उन्हाळ्यात जॅमवर येतात त्यांच्या दीडपट. ग्लास उपडा ठेवला, खालून काऊन्सिलचं पत्र सरकवलं आणि खिडकीतून बाहेर सोडली. क्र. १ म्हणून इथे लिहून ठेवते, का ते माहीत नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

सामान मोजलं. १७० मिमीचे सात रोल, लॅगिंगच्या नळ्या (पाईप गोठू नयेत म्हणून वरून चढवायच्या), हॅचच्या म्हणजे पोटमाळ्यावर चढायच्या झाकणाच्या कडेला लावायची फोमची पट्टी, छतात बसवलेल्या डाऊनलाईटवर घालायच्या टोप्या, धुळीसाठी एफएफपी३ मास्क, हातमोजे. रोल आडवे टाकायचे, म्हणजे जॉइस्टच्या मधल्या जुन्या थरावर काटकोनात, तर लाकडातून जाणारी ऊबही अडते.

वरच्या बॅगा हलवताना आईंनी मागच्या खेपेला आणलेली गोधडी निघाली. झटकायला उलगडली तर तिसऱ्या घडीत राणी. यावेळी जागी नव्हती आणि मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली, मोबाईलची बॅटरी लावून, श्वास रोखून. पंख पाठीवर नाहीत, दोन्ही बाजूंनी खाली घेऊन पोटाखाली मागच्या पायांच्या आत दाबलेले, मिशा पण खाली वळवून छातीशी घेतलेल्या, आणि जबड्यात गोधडीचा एक टाका घट्ट धरलेला, निळा दोरा होता, आईंच्याच हातचा. सगळं अंग आखडून एखाद्या सुपारीसारखं. मी गोधडी थोडी हलवली तर एक पाय अगदी सावकाश ताणला आणि परत आत घेतला, जसं आपण झोपेत पांघरूण ओढतो. तोंडावर तीन काळे ठिपके होते. फोटो मोठा करून पुस्तकाशी ताडला, तीन ठिपके म्हणजे जर्मन गांधीलमाशी, साध्या गांधीलमाशीच्या तोंडावर जहाजाच्या नांगरासारखी खूण असते. लांबी पट्टीने २० मिमीच्या आसपास. कामकरी माश्या १२ ते १४.

आई म्हणाल्या झोपलेल्याला मारू नये. नवरा म्हणाला मग जागी करून मारू. शेवटी गोधडीसकट खोक्यात ठेवून बागेतल्या शेडमध्ये नेली आणि तिथे लाकडांच्या ढिगात हळूच सोडवली. टाका सोडायला तयार नव्हती, दोरा थोडा उसवलाच. क्र. २.

१९ नोव्हेंबर, शनिवार

क्र. ३, परत बाथरूम. क्र. ४, जिन्याच्या वरच्या लँडिंगवर, मेलेली.

आता घाबरून एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन केला. त्यांनी घर न बघताच सांगितलं की वर पोळं आहे, औषध मारायला लागेल, इतके इतके पौंड. मी म्हटलं थांबा, विचार करून सांगते. शेजारचे आजोबा कुंपणावर भेटले (आयुष्यभर बागेत राबलेला माणूस), ते हसलेच. म्हणाले नोव्हेंबरात जिवंत पोळं शोधून दाखवायला सांग त्यांना.

मग रात्री वाचत बसले आणि चित्र स्पष्ट झालं. पोळं एका वर्षाचंच असतं. उन्हाळ्याच्या शेवटी त्यात पुढच्या वर्षीच्या नव्या राण्या आणि नर तयार होतात, ते बाहेर पडतात, मीलन होतं, नर मरतात, थंडी पडली आणि खायला संपलं की कामकरी मरतात, जुनी राणी पण मरते. उरतात फक्त या नव्या, पोटात पुढच्या उन्हाळ्याचं अख्खं गाव घेऊन. त्या एकेकट्या कोरडी जागा शोधतात, सालीखाली, शेडमध्ये, पोटमाळ्यावर, पडद्याच्या घडीत, आणि अंगातल्या चरबीवर वसंतापर्यंत झोपून राहतात. त्यामुळे हिवाळ्यात घरात राणी दिसली म्हणजे वर पोळं घोंघावतंय असं अजिबात नाही. औषध कशावर मारणार होते मग? त्यांना फोन करून नको सांगितलं तर म्हणे तुमची मर्जी.

पण एक प्रश्न उरतो. झोपायला आलेली राणी नोव्हेंबरात उठून बाथरूममध्ये का फिरतीये?

२७ नोव्हेंबर, रविवार

दोन स्वस्तातले थर्मामीटर आणले, कमाल-किमान दाखवणारे. एक लँडिंगवर, एक वर टाकीजवळ. बाहेर ७, लँडिंग २०, आणि पोटमाळा १४! म्हणजे आम्ही गॅस जाळून पोटमाळा तापवतोय. आणि राण्यांना वाटतंय वसंत आला.

हे एकदा डोक्यात बसल्यावर वही उघडून कुठली कुठे सापडली ते घराच्या नकाशावर मांडलं. बाथरूममध्ये २, दोन्ही डाऊनलाईटच्या बरोबर खाली. लँडिंगवर १, हॅचच्या खाली. शिडी लावून ओला हात डाऊनलाईटच्या कडेला धरला तर हवा वर खेचली जाताना कळते, एवढी फट. ऊब तिथून वर जाते, वरची राणी उठते, उजेड दिसतो तिकडे चालत येते आणि खाली सिंकमध्ये पडते. लोक घरातल्या फटी शोधायला उष्णता दाखवणारा कॅमेरा भाड्याने आणतात, आमच्याकडे हे काम माश्या फुकट करतायत. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आता त्यांना पगार पण दे.

गंमत सोडली तर यात राणीचं मरण आहे. चरबी जेवढी आणली तेवढीच, वाटेत खायला फुलं नाहीत. थंडी एकसारखी राहिली तर ती बरी असते, उबदार हिवाळा आणि सेंट्रल हीटिंग तिला उपाशी मारतं. लँडिंगवरची क्र. ४ बहुतेक तशीच गेली. हातात घेतली तर वजनच नव्हतं.

४ डिसेंबर, रविवार

रोल आले. समोरच्या खोलीत सात रोल म्हणजे चालायला जागा नाही, लेक त्यावर किल्ला करून बसलाय. आधी वर लेंड्या दिसल्या होत्या त्याचा निकाल लावायचा होता, कारण वटवाघळं निघाली तर काम थांबवायलाच लागतं, इथे सगळ्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. कागदात धरून चिरडून बघितल्या, वटवाघळाची लेंडी भुगा होते, या कडक राहिल्या. उंदीर. इतका आनंद उंदरामुळे आयुष्यात झाला नव्हता.

१२ डिसेंबर, सोमवार

रात्री बर्फ पडलं. पाच-सहा दिवस कडाक्याची थंडी आहे, वर सुद्धा थर्मामीटर ६ च्या वर गेला नाही. राण्या: शून्य. एकही नाही. काम पुढे ढकललंय, वर जाऊन बसवणार कोण.

१९ डिसेंबर, सोमवार

काल मॅच बघताना एकदम जाणवलं की बाहेर पाणी ठिबकतंय. बर्फ गेलं, एका दिवसात हवा उबदार झाली. आणि आज सकाळपासून तीन! क्र. ५ आणि ६ बाथरूममध्ये, क्र. ७ नवऱ्याच्या मोज्यात. रेडिएटरवर वाळत घातलेला मोजा, बघितला नाही, पाय घातला. ओरडला ते शेजारच्या आजोबांना ऐकू गेलं.

आईंनी पहिलं काय केलं तर किल्ल्यांच्या जुडग्यातली लोखंडी किल्ली आणली आणि डंखावर घासायला लागल्या, मग चुना आहे का विचारलं, लंडनच्या इतक्या जवळ राहून घरात चुना नाही म्हणून मलाच बोलणी बसली. मी साबणाने धुवून बर्फ लावला. मधमाशीसारखा काटा मागे राहत नाही यांचा, म्हणून एकच माशी पुन्हापुन्हा डसू शकते, पण ही बिचारी एकदाच डसली, दाबली गेली होती म्हणून. घशात, तोंडावर सूज किंवा श्वासाला त्रास असता तर सरळ ९९९ (इथला आपत्कालीन नंबर) लावला असता, इथे फक्त अंगठा दोन दिवस बटाट्यासारखा. आता घरात नियम आहे, मोजे आणि टॉवेल झटकून घ्यायचे. पावसाळ्यात गावाकडे चपला झटकतो तसे.

१ जानेवारी २०२३, रविवार

सलग तीन दिवस काम. हातपाय गेले आहेत पण झालं.

क्रमाने लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल. आधी फटी बुजवल्या, लोकर नंतर, कारण उलट केलं तर फटी लोकरीखाली जातात आणि मग कोण शोधतंय. बाथरूमच्या डाऊनलाईटवर आगीला टिकणाऱ्या टोप्या घातल्या आणि कडेने सील केलं, नुसती लोकर दिव्यावर टाकायची नाही, तापतात. शॉवरची जाड केबल लोकरीच्या वर उचलून घेतली, दाबली तर ती पण तापते. पाईप जिथून वर येतात तिथे फोम. हॅचला पट्टी आणि पाठीमागे इन्सुलेशनचा तुकडा. मग रोल. छपराच्या उताराला ईव्हजपाशी, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, लोकर कोंबायची नाही, हवा खेळायला जागा सोडायची, नाहीतर लाकडाला ओल धरते. याचा अर्थ राण्यांचा येण्याजाण्याचा रस्ता तसाच राहिला, पण ते चालेल, वर राहा, खाली येऊ नका एवढंच म्हणणं आहे. आणि गार पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली लोकर घालायची नाही, खालची थोडी ऊब तिला मिळायला हवी म्हणजे गोठत नाही.

ईव्हजच्या शेवटच्या कोपऱ्यात, जिथे पोटावर सरपटत जावं लागतं, तिथे पोळं सापडलं. मागच्या उन्हाळ्यातलं, रिकामं, फुटबॉलपेक्षा थोडं मोठं. मला वाटलं जड असेल म्हणून दोन्ही हात घातले आणि ते हवेसारखं वर आलं. करड्या कागदाचे पदर, एकावर एक, चिरोट्यासारखे सुटे, आणि प्रत्येक पदरावर बारीक रेघा, फिकट करडी, गडद करडी, मध्येच एक हिरवट. आजोबांना दाखवलं तर ते म्हणाले हिरवट म्हणजे माझं कुंपण, दोन वर्षांपूर्वी रंगवलं होतं. माश्या वाळलेलं लाकूड खरवडून लाळेत कालवून हा कागद करतात, एक रेघ म्हणजे एका माशीची एक खेप. जर्मन गांधीलमाशीचं पोळं असं करडं, साध्या गांधीलमाशीचं पिवळट तपकिरी, ती कुजकं लाकूड घेते म्हणून. ऐन उन्हाळ्यात अशा पोळ्यात हजारो माश्या असतात आणि आम्ही खाली निवांत झोपत होतो, हे नवऱ्याला मुद्दाम दोनदा सांगितलं. जुनं पोळं परत वापरत नाहीत त्यामुळे ठेवलं काय टाकलं काय. लेकाने शाळेत न्यायला मागितलंय.

काम करताना राण्या दिसल्या ४, सगळ्या झोपलेल्या, तुळईच्या खाचेत. त्यांना हात लावला नाही.

१५ जानेवारी, रविवार, संक्रांत

बाहेर ५, लँडिंग २०, पोटमाळा ७. आधी याच हवेत तेरा-चौदा असायचा. काम झाल्यापासून खाली आलेल्या राण्या: ०. दोन आठवडे म्हणजे फार नाही पण वहीत आधी दोन आठवड्यांची जागा अशी कोरी फक्त बर्फात राहिली होती.

तिळगूळ द्यायला आजोबांकडे गेलो. ते म्हणाले तू सोडून देतेस त्या प्रत्येक राणीचं उन्हाळ्यात एक पोळं होणार. मी म्हटलं नाही होत, बहुतेक वसंत बघायच्या आधी मरतात आणि उरलेल्या एकमेकींची नवी पोळी बळकावायला भांडतात. त्यात या माश्या पिलांना खायला अळ्या, माश्या, मावा उचलून नेतात, आजोबांच्याच कोबीवरच्या. आजोबांनी तिळगूळ खाल्ला आणि विषय बदलला.

आईंचा प्रश्न मात्र चांगला होता. म्हणाल्या आपल्याकडे छज्जाखाली असतात त्या कधी झोपतात? आपल्याकडची ती बारीक तांबूस गांधीलमाशी, रोपालिडिया मार्जिनाटा, जिच्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी वर्षानुवर्षं काम केलंय, तिला हा हिवाळ्याचा भोगच नाही. पोळं वर्षातून कधीही सुरू होतं, वर्षभर चालतं. आणि तिची राणी दिसायला इतरांसारखीच असते, बघून ओळखता येत नाही, इथल्यासारखी दीडपट नाही. आई म्हणाल्या, म्हणजे आपल्याकडची राणी घरातल्या बाईसारखी, सगळं तीच चालवते पण पाहुण्यांना कळत नाही.

२३ जानेवारी, सोमवार

चूक झाली ती पण लिहायला पाहिजे. गेला आठवडाभर कडक थंडी, आज सकाळी बाथरूमच्या गार नळाला पाणी नाही. इन्सुलेशन केलं म्हणजे पोटमाळा थंड पडणार, ही तर आपली फुशारकी होती, मग वरचा पाईप गोठणार हे कळायला नको? लॅगिंगच्या नळ्या नोव्हेंबरपासून जिन्याखाली पडून. वर हॅच उघडी ठेवून आणि पाईपला गरम पाण्याची पिशवी बांधून दीड तासात सुटलं, फुटला नाही हे नशीब. संध्याकाळी मोबाईलच्या उजेडात टाकीचा एक पाईप सोडून बाकी सगळ्यांना नळ्या घातल्या, नळ्या कमी पडल्या. नवरा एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

उबदार आठवडा. जुन्या हिशोबाने आज दोन-तीन तरी पडायला हव्या होत्या. शून्य. वर जाऊन बघितलं, तुळईच्या खाचेत चारपैकी तीन आहेत, चौथीच्या जागी नुसते दोन पंख. कोळी असावा.

२२ मार्च, बुधवार, पाडवा

गुढीची काठी पोटमाळ्यावरून काढली. तीन राण्यांपैकी एक गेलीये, ईव्हजमधून बाहेर बहुतेक. गॅसचं बिल मागच्या वर्षीच्या युनिटशी ताडून बघतीये पण हा हिवाळा आणि तो हिवाळा वेगळा, त्यामुळे आकडा छातीठोक लिहित नाही. लँडिंगवर पहाटे पाय गारठत नाहीत हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

२ एप्रिल, रविवार

आईंची बॅग भरायला घेतली. गोधडी परत न्यायची म्हणाल्या, उसवलेला टाका घालायचाय. मी ती अंगणात नेऊन घडी न् घडी उलगडून झटकली, आई बघत होत्या, म्हणाल्या एवढं काय. एवढंच की ही जर्मन गांधीलमाशी १९४५ मध्ये न्यूझीलंडला हॅमिल्टनजवळ सापडली ती युरोपातून आलेल्या विमानाच्या सुट्या भागांच्या खोक्यांत झोपून गेली असं मानतात, नंतर राण्या पकडून आणणाऱ्याला पैसे देऊन झाले तरी तिथून हटली नाही. आणि २००४च्या सुमाराला फ्रान्समध्ये आशियाई गांधीलमाशी उतरली, चीनमधून आलेल्या मातीच्या भांड्यांबरोबर, जनुकांवरून दिसतं की सगळं खानदान एकाच मादीचं. तीच २०१६ मध्ये इंग्लंडात टेटबरीला पोचली, मधमाश्या खाते, पिवळे पाय दिसले तर कळवा म्हणून इथे अॅप आहे. एक झोपलेली बाई, एक खोकं, बस. सांगलीत यांना थंडी मिळणार नाही हे खरं, पण गोधडी झटकायला काय जातं.

काही निघालं नाही. एक वाळलेला पाय सोडला तर.

२२ एप्रिल, शनिवार

गवत कापायचं मशीन काढायला शेड उघडली. आत छताच्या फळीला, मशीनच्या बरोबर वर, लिंबाएवढा करडा कागदी गोळा, खाली भोक. राणी बाहेर गेली होती म्हणून खालून टॉर्च मारला, आत छत्रीसारख्या देठाला दहा-बारा खोल्या, काही खोल्यांत एकेक पांढरं अंडं, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. मी उभी असतानाच ती आली, माझ्या कानाजवळून, तोंडात लगद्याची गोळी, आणि मी तिथे नाहीच अशा थाटात कडेला बसून मागे मागे चालत ती गोळी पसरवायला लागली. ओली रेघ गडद दिसते आणि बघता बघता वाळून फिकी होते. ही क्र. २ च असेल असं म्हणायला काही पुरावा नाही.

नवरा म्हणतो आत्ताच काढ, आत्ता ती एकटी आहे, जूनमध्ये नाही जमायचं. मुद्दा बरोबर आहे. पहिल्या कामकरी माश्या निघाल्या की राणी बाहेर येतच नाही, मग शेड त्यांची.

संध्याकाळी आईंना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आज अक्षय्य तृतीया आहे. मुहूर्त बघून घर बांधायला घेतलंय तिने, तू कशाला पाडतेस."

२९ एप्रिल, शनिवार

गवत कापायचं मशीन शेडमधून काढून गॅरेजमध्ये ठेवलं. पोळं संत्र्याएवढं. शिल्लक काम: टाकीच्या शेवटच्या पाईपचं लॅगिंग, हॅचची कडी, आणि आजोबांना शेडबद्दल सांगणे.